चर्चेला घेतलेला विषय

"हात वर करा, म्हणजे विषय संपला," मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव म्हणाले, आणि बरेच हात लगेच वर गेलेही. उरलेल्या हातांत कचोरी होती.

विषय साधा होता. जवाहर चौकातल्या मराठी मंडळाचं वरच्या मजल्यावरचं सभागृह लग्नांना छान चालत होतं, पण नवरीला नटायला खोली नव्हती. वाचनालयाला मात्र होती. पुस्तकं रद्दीत गेली की तिथे आरसे लागणार होते. आरसेवाला माप घ्यायला येऊन दाराशी उभाच होता.

नलिनीताई कोपऱ्यात बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचनालय त्याच उघडत, त्याच झाडत आणि बरेचदा त्याच एकट्या वाचत. आता त्या रडणार, याबद्दल सभेची खात्री होती. कुणीतरी पाण्याचा पेलाही पुढे सरकवला.

त्या उठल्या. "निर्णय योग्यच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एवढ्या मोठ्या विषयावर साधी चर्चासुद्धा नाही, हे काही आपल्या मंडळाला शोभत नाही."

हात खाली आले. कचोऱ्यासुद्धा.

भोपाळचा मराठी माणूस भाजी हिंदीत घेतो, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडतो. पण चर्चा म्हटली की त्याला मातृभाषा आठवते. नागपूरकडचे केशवराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "चर्चा म्हणजे नुसतं बोलणं नव्हे हो! दोन बाजू पाहिजेत. दुसरी बाजू कोण मांडून राहिलं इथं?"

कुणीच नव्हतं. मग ग्वाल्हेरच्या श्रीकांतरावांनी, केवळ तत्त्व म्हणून, विरोध करायचं मान्य केलं. अर्ध्या तासात तो त्यांना मनापासून पटला.

"पण ही चर्चा आहे की परिसंवाद?" काशिनाथ वकिलांनी विचारलं. "परिसंवाद असेल तर बाहेरून वक्ता बोलवावा लागेल."

"संवाद म्हणा की सरळ!"

"संवादात आपुलकी लागते. आपल्याला चर्चाच झेपेल."

"काका, फैसला तो हो गया था ना?" तरुण वरुण कळवळला. "आरसेवाला कधीचा उभा आहे."

"मग त्याला खुर्ची दे. चर्चा चालू आहे."

शेवटी मधुकररावांनीच तोडगा काढला. 'चर्चा' या शब्दाचा अर्थ ठरवायला एक उपसमिती, तिच्या अहवालावर सर्वसाधारण सभा, आणि मग खोलीवर सांगोपांग चर्चा. टाळ्या पडल्या. एवढी जिवंत सभा गणपतीतही झाली नव्हती. आरसेवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

नलिनीताईंची मुलगी श्रुती आईला न्यायला बरखेड्याहून आली होती. दाराशी उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. जिना उतरताना तिचा संयम सुटला.

"आई, पागल आहेस का? तूच हो म्हणालीस! आज ना उद्या खोली घेतीलच ते. नुसत्या चर्चेने काय होणार?"

"काही नाही," नलिनीताई म्हणाल्या. "भिंतीला धरून उतर. या जिन्याला कठडा बसवायचं चर्चेला घेतलंय, तू पहिलीत होतीस तेव्हापासून."