पहिल्या रांगेतली खुर्ची

धर्मादाय प्रतिष्ठानात कला-अनुदान विभागाची प्रमुख झाल्यापासून मी नाटक धड पाहिलंच नव्हतं. आजही माझ्यासाठी पहिल्या रांगेत पांढरं कापड घातलेली खुर्ची राखली होती आणि नट सगळी वाक्यं त्या खुर्चीलाच ऐकवत होते. मुलगी बापाशी भांडत होती माझ्याकडे बघून. बाप उत्तरही मलाच देत होता. प्रेक्षक ढिम्म होते. "यांना नकारच द्यावा लागणार," मी शेजारी बसलेल्या आईच्या कानात कुजबुजले. "आधी जागा बदलून बघ," आई म्हणाली. मी वाकून शेवटच्या रांगेत गेले. मरायला टेकलेल्या बापाने मान वळवली आणि शेवटच्या रांगेकडे बघत प्राण सोडला. मी बाहेरच पडले. दाराबाहेर येरझाऱ्या घालताना आतून हशा ऐकू आला, पाठोपाठ सगळं चिडीचूप. नाटक सुटल्यावर आई डोळे पुसत आली. "शेवट काय रंगला गं. तू आत हवी होतीस."