चार बोटं खाली

मिस्त्रीने लेकीसाठी पोलादी सायकल स्वतःच्या हाताने घडवली. घाट जुन्या वळणाचा, ब्रेक आणि गिअर मात्र आजचे. सीट त्याने स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या सायकलची बसवली. ती बहीण अकरा वर्षांची असताना समोरच्या उतारावरून गेली ती परतलीच नाही. सापडली ती नुसती सायकल.

"बाबा, सीट खाली आलीय. गुडघे कानाला लागतायत माझे," लेक म्हणाली. "माप चुकायला लागलं वाटतं म्हातारपणी?"

"चल, शहाणी कुठली!"

त्याने सीट चार बोटं वर घेतली, बोल्ट करकचून आवळला आणि सीटच्या दांड्यावर खडूची रेघ ओढली. जेवून येतो तर रेघ नळीच्या आत गेली होती. पुन्हा वर घेतली. हात धुऊन येईपर्यंत सीट तितकीच खाली.

मग त्याला ती उंची ओळखू आली. तेवढ्या उंचीवरही बहिणीचे पाय जमिनीला पुरत नसत. थांबायचं झालं की ती भिंतीला हात टेकायची.

"आज राहू दे गं!" तो ओरडत बाहेर धावला. लेक उताराला लागलीसुद्धा होती.

तासभर तो दारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दारात येरझाऱ्या घालत राहिला. अखेर घंटी वाजली. लेक आली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, आता कशी अगदी मापात बसलीय," ती सीटवरूनच हसत म्हणाली.

सीट चार बोटं खालीच होती. लेकीने भिंतीला हात टेकला होता, आणि तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते.