वर्षातून एकदा मोफत

आईनं चहात तिसरा चमचा साखर घातली आणि धाकटीकडे बघून डोळा मारला.

“आई, पुरे.”

“का गं? माझा रिपोर्ट बघितलास ना? पंचविशीतल्या पोरीला लाजवेल असा आलाय.”

दादा पेपरामागून म्हणाला, “विम्यात वर्षाला एक तपासणी फुकट मिळते, तीसुद्धा तू वाया घालवणार होतीस. मी हात धुऊन मागे लागलो म्हणून झाली.”

“झाली ना एकदाची? आता वर्षभर त्या मेल्या सुईचं नाव काढू नकोस.”

दादा कामाला गेला. आईच्या अंगठ्याची जखम पुन्हा ओली झाली होती. धाकटीनं पट्टी बांधायला घेतली.

“डॉक्टरांना दाखवू या का?”

“आणि दादाला काय सांगशील? रिपोर्ट चांगला असताना डॉक्टर कशाला?” आई हसली. “पाणी दे गं जरा. सारखा घसा कोरडा पडतोय.”

धाकटीनं पट्टीची गाठ मारली आणि पाणी आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात कोसळली. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

“साखर भयंकर वाढलेली होती,” डॉक्टर म्हणाले. “वर्षानुवर्षांचं दुखणं असणार. शेवटी हृदयच बंद पडलं. कधी तपासणी केली नव्हतीत?”

दादानं नुकताच आलेला रिपोर्ट पुढे धरला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. “शक्य नाही. लॅबमध्ये काहीतरी गोंधळ झालाय.”

भेटायला येईल त्याला दादा तेच सांगे, लॅबनं आमची आई मारली. धाकटी खाली मान घालून सगळ्यांना पाणी देई. पोर पार खचली, असं लोक म्हणत. मावशीनं तिला कुशीत ओढलं. “किती केलंस गं तिचं! तपासणीलासुद्धा तूच घेऊन गेलीस.” त्या कुशीत धाकटीला जीव नकोसा झाला.

शेवटी दादा तिला घेऊन लॅबमध्ये गेला. “तू त्या दिवशी इथं होतीस. तुझ्यासमोरच होऊ दे सोक्षमोक्ष.”

रक्त काढणारा माणूस पन्नाशीचा होता. मालकाच्या टेबलापाशी तो हात जोडून उभा होता.

“माझी आई आठवते का तुम्हाला?”

“साहेब, रांग पार दारापर्यंत असते. नाव पुकारायचं, पुढे येईल त्या हातातून रक्त घ्यायचं. तोंडाकडे बघायला सवड कुठे असते? बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. चूक माझीच.”

“चूक म्हणे! अहो, माणूस गेलं आमचं!”

मालकानं त्या माणसाकडे पाहिलंही नाही. “उद्यापासून येऊ नका. आणि हे पोलिसांत गेले, तर मी मध्ये पडणार नाही.”

तो माणूस धाकटीकडे वळला. “ताई, माझ्या हातून पाप घडलं. जमलं तर माफ करा.”

धाकटी खुर्चीतून उठली.

“दादा, यांना सोड. नाव पुकारलं तेव्हा आई बाकावरून उठलीच नाही. हात मी पुढे केला होता.”