शनवार सोडून

गडब गावामागची भातखाचरं संपली आणि चढ सुरू झाला, तेव्हा वाट दाखवायला सोबत घेतलेल्या हौसाने थांबून फ्लोराच्या पायांकडे पाहिलं.

"हे बूट तुला नेतात का तू ह्यांना नेतेस गो बाय?"

फ्लोरा हसली. पंचावन्नाव्या वर्षी पाठीवर पिशवी घेऊन पाच दिवस रानातून चालायचं, म्हणजे हसून घ्यायलाच हवं होतं. वाट रोह्याच्या डोक्यावरून जाऊन कोलाडपलीकडच्या डोंगरात शिरायची. मोळ्या वाहून वाहून हौसाला ती पाठ होती. निघायचा दिवस ठरवताना तीच म्हणाली होती, शनवारी त्या वाटेला कोण जात नाय, ऐतवारी जाऊ. फ्लोराला बरंच वाटलं. शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, ती स्वतःही चालली नसती, आणि का, ते सांगत बसायची वेळ आली नाही.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आईचं बोट धरून ती बोटीने इस्राएलला गेली होती. त्याच्या आधी पाच वर्षं तिचे वडील, एलियास, वाड्यावाड्यांवर तेल विकत फिरताना ह्याच रानात भर पावसात तापाने गेले. ओढे भरले होते, उचलून न्यायला माणसं नव्हती. तिथेच पुरलं. आई खुणा सांगायची त्या एवढ्याच: खिंड, ऐनाचं मोठं झाड, झाडाखाली चार दगड. कितवी खिंड, हे मात्र शेवटी शेवटी ती रोज वेगळं सांगू लागली. आता तीही नव्हती. त्यांच्यात थडग्यावर फुलांऐवजी खडा ठेवतात; तिच्या थडग्यावरचा एक पांढरा खडा फ्लोराच्या खिशात होता. तो वडिलांच्या अंगावर ठेवायचा, मग परत जायचं.

हौसाला तिने ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. पेणला दोघांना विचारून पाहिलं, तर दोघांनी छातीठोकपणे दोन वेगळ्या जागा दाखवल्या होत्या. लोक मन राखायला काहीही दाखवतात. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांनी वाटेवरच्या पाचही खिंडी पाहायच्या, असं तिने ठरवलं होतं. हौसाला म्हणाली, रान बघायचंय.

पण रान आईच्या बोलण्यातलं नव्हतंच. डावीकडे असायचा तो ओढा उजवीकडे निघाला. दोनदा वाटलं, आपण इथून आत्ताच गेलो. ऐनाची झाडं कुठे असतात, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ऐन? आता कुठला ऐन. सगळा कोळशाला गेला."

मग झाडाविना जागा ओळखायची कशी, तेच फ्लोराला कळेना.

दुपारी पहिली खिंड आली. वाटेच्या कडेला कमरेइतका दगडगोट्यांचा ढीग होता. वरच्या दगडाला शेंदूर, त्यावर सुकलेली झेंडूची माळ. हौसाने डोक्यावरचं गाठोडं उतरवून पायाशी एक खडा शोधला.

"वाटेचा बाबा हाय. खडा ठेवल्याबिगर पुढं जायचं नाय. ठेव तूपण."

"आमच्यात दगडाला पुजत नाहीत," फ्लोरा म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली. खिशातल्या खड्यावर तिची मूठ आपोआप आवळली गेली.

हौसाला ते आवडलं नाही. दुसरा खडा उचलून फ्लोराकडे बघत बघतच तिने तो ढिगावर ठेवला.

फ्लोराने खिंड इकडून तिकडे दोनदा पालथी घातली. सगळीकडे कारवीची झुडपं. झाड नाही, चार दगड नाहीत. तिने वही काढून पहिल्या खिंडीवर फुली मारली.

उन्हं कलली तेव्हा दोघी खाली झऱ्याशी थांबल्या. हौसाने तीन दगडांची चूल मांडून भात चढवला. तिचा राग गेला होता. काहीतरी बोलायचं म्हणून फ्लोराने विचारलं, शनवारी ह्या वाटेला का येत नाहीत?

"शनवारी बाबाची सुट्टी असते."

फ्लोराने मान वर केली. हौसा जाळ सारत सांगत राहिली. आजीच्या वेळची गोष्ट. वाडीवर एक जण तेलाचे डबे घेऊन यायचा. कधीही यायचा, शनवार सोडून. एका पावसाळ्यात वरच्या खिंडीतच गेला, तिथेच पुरला. दर वर्षी त्याची बायको यायची, एक खडा ठेवायची आणि न बोलता उतरून जायची.

"मग ती परमुलखात जायला निघाली. आजीचा हात धरून म्हणाली, माझी पोर मोठी झाली की येईल, तवर तुम्ही खडे ठेवा. आजीनं सगळ्या वाडीला सांगितलं. शेंदूर मागनं कोणी फासला, काय ठावं."

तिने भातावर झाकण ठेवलं.

"ती पोर काय अजून आली नाय गो बाय."