बाकावरची तपासणी

डॉक्टर पुन्हा बाकावरून उठले, दाराच्या फटीतून कोर्टात डोकावले आणि परत येऊन बसले. नवजात बाळांवर उपचार करण्यात ज्याची हयात गेली, त्याला वाट बघत बसणं कसं जमणार? तिथे एक श्वास चुकला तरी धावावं लागतं. इथे सगळे खुशाल जांभया देत होते.

"बसा हो डॉक्टर," हॉस्पिटलचे वकील म्हणाले. "तुमचा अहवाल पक्का आहे. नाळेचा वेढा होता, मुलाला इजा झाली ती पोटातच. आमच्या डॉक्टरांचा दोष नाही. एवढं सांगायचं आणि घरी जायचं."

"सांगतो की. मी काय आज पहिल्यांदा येतोय?"

तज्ज्ञ म्हणून साक्ष देणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मूल बघावं लागत नसे. कागद वाचायचे, मत लिहायचं. दोन्हीकडचे तज्ज्ञ तसंच करत आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

वकील फोनवर बोलत लांब गेले. समोरच्या बाकावर एक बाई तीनेक वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन भरवत होती. मुलाचे हात आपोआप पिळवटल्यासारखे फिरत होते आणि प्रत्येक घास बाहेर येत होता. डॉक्टरांचे हात शिवशिवले.

"मान जरा पुढे घ्या त्याची. हां, अश्शी. आता द्या."

घास गेला. बाई हसली. "बघ रे, आजोबांना बरं जमतं!"

आजोबा म्हटल्यावर डॉक्टर खुललेच. त्यांनी चष्म्याचं घर मुलापुढे धरलं. डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. नजर मागोमाग आली. वर नेलं, तशी ती अडली. मग मुलाने अख्खी मान मागे टाकली, ते घर शोधून काढलं आणि तोंडभर हसला. दुधाच्या दातांवर हिरवट झाक होती.

"तो वर बघतच नाही," बाई म्हणाली. "आमच्याकडे सगळे म्हणतात, लाजाळू आहे."

डॉक्टरांना हसू आलं नाही. पिळवटणारे हात, वर न जाणारी नजर, हिरवट दात. हे पोटातलं दुखणं नव्हे. ही जन्मानंतरची कावीळ, वाढू दिलेली, मेंदूत उतरलेली. वेळीच निळ्या दिव्याखाली ठेवलं असतं तर हे पोर आज या व्हरांड्यात हुंदडत असतं. कुठल्या गाढवाने बघितलं याला, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

तेवढ्यात शिपायाने त्यांच्या कानाशीच पुकारा केला. डॉक्टर दचकले. मुलाची मात्र पापणीही लवली नाही. म्हणजे काविळीने कानही नेले होते. पुकारा त्यांच्याच केसचा होता. ते उठले, तर समोरून बाईही मुलाला कडेवर घेऊन उठली.

"तुम्ही पण याच केसला?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. कागदांतलं मूल ते हेच. आणि ज्याला ते गाढव म्हणणार होते, त्यालाच निर्दोष ठरवायला ते आले होते.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांनी शपथ घेतली. हॉस्पिटलच्या वकिलांनी अहवाल पुढे केला. "हा तुमचाच ना?"

"सही माझीच आहे."

वकिलांनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि ते बसले. आता आईची वकील उठली. मुलगी तरुण होती, तयारीची होती.

"डॉक्टर, ज्याच्याबद्दल इतकं छातीठोक लिहिलंत, त्या मुलाला कधी तपासलंय तरी का तुम्ही?"

"हो. तपासलंय."

ती चपापली. तिला 'नाही' हवं होतं. असले साक्षीदार नेहमी 'नाही'च म्हणतात. समोरच्यांचा माणूस, तपासून आलाय, आणखी खोदलं तर आपलीच केस बुडवेल. तिने घाईघाईने कागद आवरले. "मला आणखी काही विचारायचं नाही."

हॉस्पिटलच्या वकिलांनीही जोरजोरात मान हलवली. या तपासणीचं ते आत्ताच ऐकत होते; त्यांनाही नव्हतं विचारायचं.

डॉक्टरांनी कठडा घट्ट धरला. विचारल्याशिवाय साक्षीदाराने बोलायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मागे बाई मुलाचं तोंड पुसत होती. त्यांच्याकडे ती आता बघतही नव्हती.

"डॉक्टर, झालं तुमचं. उतरा," न्यायाधीश म्हणाले.

"झालं नाही, साहेब," डॉक्टर म्हणाले. "मला काय दिसलं, ते विचारा ना. कुणीतरी विचारा."