ब्रेक ढिले

केळी वाहणारा माझा टेम्पो दर वर्षी पासिंगला नेला, की आरटीओचे इन्स्पेक्टर खैरनार खुर्चीतून न उठताच लिहायचे, "ब्रेक ढिले." मी म्हणायचो, "साहेब, गाडीत बसी तं देखा!" ते म्हणायचे, "आठ दिवसांनी ये." ऐन हंगामात टेम्पो आठ दिवस दारात उभा.

एकोणनव्वद साली इन्स्पेक्टर लोकांचीच गाडी तपासायची वार्षिक परीक्षा होती, त्यासाठी एक गाडी हवी होती. मी आदल्या दिवशी नवेकोरे ब्रेक टाकले आणि आपणहून टेम्पो नेऊन दिला. खैरनारांनी बॉनेटवर थाप मारली, सवयीनं लिहिलं, "ब्रेक ढिले."

परीक्षकांनी टेम्पो पळवून ब्रेक दाबला. तो जागच्या जागी थांबला. खैरनार नापास, फेरपरीक्षा.

किल्ली परत घेताना मी हात जोडले, "साहेब, आठ दिवसांनी या."