आधीचं हसू

आत्याला नाटकांचं भारी वेड. लग्नाआधी पाहिलेलं नाटक असो की गेल्या रविवारचं, तिला सगळं तोंडपाठ. आज ती भाचीला रंगात येऊन सांगत होती, "कुठल्याही नाटकाला जा, माझ्या मागच्या रांगेत तो हसऱ्या असतोच."

"कोण हसऱ्या?"

"कोण जाणे! मागे वळावं तर खुर्ची रिकामी. पण हसतो मोठा छान, अगदी खो खो. घाई तेवढी फार. विनोद व्हायच्या आधीच हसतो."

"नाटक आधी पाहिलेलं असेल त्याने."

"अगं, पहिल्या प्रयोगालाही तेच! एकदा तर राजा शेवटचे श्वास घेतोय, बायका पदराने डोळे पुसतायत, आणि हा खो खो हसला. मनात म्हटलं, मेल्याला लाज नाही. तेवढ्यात राजाची मिशी सुटली ती राणीच्या हाताला चिकटली!"

हसता हसता भाचीचा चहा बशीत सांडला. डुगडुगत्या स्टुलावर चढून बल्ब बदलणारे आतोबाही हसले. "मी भेटलो नसतो, तर हिने त्याच्याशीच लग्न केलं असतं," ते वरूनच म्हणाले.

"इश्श, काहीतरीच!" म्हणत आत्या कप उचलायला वाकली.

तेव्हा सोफ्याच्या मागून, जिथे नुसती भिंत होती, कुणीतरी खो खो हसलं.

भाचीने दचकून भिंतीकडे पाहिलं. आत्याने स्टुलाकडे पाहिलं. आतोबा टाचा उंचावून, मजेत गुणगुणत होते.